उशिराचे तीन प्रयोग

मान दुखणाऱ्या माणसांच्या दवाखान्यात टीव्ही छताला टेकवून कोण लावतं?

हा प्रश्न ती पंचवीस मिनिटं स्वतःलाच विचारत बसली होती. मान वर होत नाही म्हणून तर ती इथं आली होती! समोरच्या रांगेत गुडघे, मागच्या रांगेत कमरा, कोपऱ्यात एक खांदा. आणि वर, ट्यूबलाइटच्या शेजारी, तिचीच मालिका. दुपारचं पुनःप्रक्षेपण. रिमोट हरवलेला. आवाज मोठा.

तिची मालिका म्हणजे ती काही पडद्यावर दिसायची नाही. नायकानं कप उजव्या हातात धरला, मग जेवणाची सुट्टी झाली, दिवे हलले, कॅमेरा पलीकडं गेला, तरी तासाभरानं तोच कप त्याच हातात आणि तेवढाच भरलेला असला पाहिजे. हे बघायची तिची नोकरी. सहा वर्षं, अकराशे भाग. काम नीट झालं तर ते झालंय हे कुणाला कळतही नाही, असली नोकरी. सेटवर तिला सगळे ‘बारकाई’ म्हणायचे. लाडानं म्हणतात, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

“आता बघ, मावशी. आता बघ हं... पट्टी!”

शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला. पुरुषाचा, उत्साही. असल्या ठिकाणी इतकं उत्साही कुणी असू नये.

“कुठली पट्टी?”

“त्याच्या हाताची गं. घरातून पळाला तेव्हा उजव्या हाताला. फाटकाशी पोचला... डाव्या!”

“पळताना सरकली असेल,” मावशी म्हणाल्या.

“या हातावरून त्या हातावर?”

“प्रेमात काय वाट्टेल ते होतं रे.”

“हे बघायला तिथं कुणीतरी असतं, मावशी. पगारी. झोपा काढत असणार.”

तिला मान वळवायची होती. वळली नाही. म्हणून ती कमरेपासून अख्खी वळली, टेबलफॅनसारखी.

“त्या दिवशी मी रजेवर होते!”

गुडघे, कमरा, खांदा – सगळे तिच्याकडं बघायला लागले. तो पण. जाड भिवया, कपाळावर उगाच आलेला एक केस, आणि शर्टाचं दुसरं बटण पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं. गाठ बाहेरून. म्हणजे स्वतःच शिवलंय. तिला हे बघायचं नव्हतं. पण सहा वर्षांत डोळ्यांना सवयच तशी लागली होती. बंद करायचं बटण नव्हतं.

“सॉरी,” तो म्हणाला. मग थांबून, “म्हणजे... बाकीचे दिवस तुम्ही असता?”

“असते.”

“मग आठशे बाराव्या भागात भिंतीवरचं घड्याळ—”

“ते बंद असतं. सेल काढून ठेवलाय. टिकटिक आवाजात येते.”

“बंद घड्याळात एकाच भांडणात दोन वेळा कशा?”

दिवेवाल्यानं धूळ पुसताना काटे फिरवले होते. हे तिला चार दिवसांनी कळलं होतं आणि त्यानंतर दोन रात्री झोप लागली नव्हती. जगात ही चूक फक्त आपल्याला माहीत आहे, अशा भ्रमात ती दीड वर्षं सुखानं जगली होती.

“ते घड्याळ गेलं खड्ड्यात,” मावशींनी त्याच्या मांडीवरून वाकून तिचा हात धरला. “तू तिथली ना? मग मला एवढंच सांग बाई, ती खरंच आई होणारे, की नाटक करतेय?”

“काकू, नाही सांगता येत. सही करून घेतात आमची.”

“मी कुणाला सांगणारे? मला चालता तरी येतं का?”

“मान!” आतून हाक आली. “मान कोण आहे?”

ती उठली. जाताना तिनं त्याच्याकडं अजिबात बघितलं नाही. (बघितलं. त्यानं तो केस मागं सारला होता. तो परत पुढं आला.)

* * *

फिजिओथेरपीची बारा सिटिंग. मंगळ, गुरू, शनि. मावशींच्या नव्या गुडघ्याला तेच वार, तीच वेळ. मावशी भाच्याकडं राहत नव्हत्या, भाचाच मावशींकडं राहायला आला होता; ऑपरेशन झाल्यापासून. तो गेम तपासायची नोकरी करायचा.

“म्हणजे दिवसभर खेळायचं?” तिसऱ्या सिटिंगला तिनं विचारलं. खवचटपणे.

“सगळे हेच विचारतात. हे बघा.” त्यानं फोन पुढं केला. पडद्यावर एक चिलखतवाला माणूस भिंतीवर चालून जात होता. धडकला. मागं आला. पुन्हा धडकला. “याला भिंतीत घालायचं. आरपार गेला तर चूक. मग ती वहीत लिहून कळवायची.”

“आणि मग सुट्टी.”

“छे! एकदा झालं तर तो योगायोग. तीनदा झालं पाहिजे. तीच भिंत, तोच वेग. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची – तलवार काढून ठेव, मग बूट काढ – तेव्हा कळतं नेमकं कशानं होतंय.”

“थोडक्यात, दिवसभर भिंतीवर डोकं आपटायचं.”

“पगारी,” तो म्हणाला.

ती हसली, आणि मानेत कळ आली. कुणाला सांगायची सोय नव्हती की मान आता बरी व्हायला लागलीये आणि हसल्यानं बिघडतेय.

पुढं पुढं त्या खुर्च्यांवर जे चालायचं त्याला संभाषण म्हणवत नाही.

“याच्या पाठीवर अकरा तलवारी, दोन ढाली आणि एक अख्खी होडी आहे, आणि एवढंसं कुंपण ओलांडता येत नाही?”

“ओलांडता आलं तर गोष्ट चाळीस मिनिटांत संपेल.”

“मूर्खपणा आहे.”

“आणि तुमच्या मालिकेत? सगळी गुपितं दार उघडं टाकून बोलतात. एकीनं एकदा कडी लावली असती—”

“तर माझी नोकरी गेली असती.”

“अगदी! तेच कुंपण.”

मावशी मधेच, “तुम्ही दोघं जरा हळू भांडा, मला डायलॉग ऐकू येत नाही.”

त्याचं मत : सिनेमात गाणं सुरू झालं की बाहेर जाणाऱ्यांना परत आत सोडू नये. तिचं मत : सिनेमात जी माणसं एक साधा फोन करत नाहीत म्हणून दोन तास रडतात, त्यांना रडू द्यावं, आपण तिकीट काढू नये. त्याचं मत : शेवटी नावं येतात ती पूर्ण वाचल्याशिवाय उठणं हा उर्मटपणा आहे. तिचं मत : लिफ्टचं बटण आधीच दाबलेलं असताना पुन्हा दाबणाऱ्या माणसाशी मैत्री करू नये.

“मी दाबतो,” तो म्हणाला.

“दिसलं मला. मंगळवारी. तीनदा.”

“तू मोजलंस?”

तू. सातवं सिटिंग, गुरुवार, साडेतीनच्या सुमाराला. तो ‘तू’ म्हणाला, आणि आपण काय म्हटलं हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं जीभ चावली, आणि तिनं वर बघितलं – मान पूर्ण वर गेली, कित्येक आठवड्यांनंतर पहिल्यांदा – आणि म्हणाली, “मोजलं. मग?”

आणि नवव्या सिटिंगला तो जरा उशिरानं बोलायला लागला. आधी नुसता चपलेनं फरशी घासत बसला.

“तुझं नाव वाचलं मी.”

“कुठं?”

“मालिकेच्या शेवटी. किती वेगानं पळवतात गं नावं! अर्ध्या पडद्यावर तर साबणाची जाहिरात. थांबवून, मागं घेऊन, पुन्हा थांबवून... डावीकडची रांग, खालून तिसरं.”

सहा वर्षांत तिच्या बाबांनासुद्धा ते नाव सापडलं नव्हतं. बाबांनी चष्मा बदलून बघितला होता.

त्या दिवशी आतून ‘मान!’ अशी हाक दोनदा आली, तेव्हा कुठं ती उठली.

* * *

सिटिंगं संपली. मावशी वॉकर सोडून काठीवर आल्या. आता भेटायचं तर स्वतःहून ठरवावं लागणार होतं, आणि दोघांनीही ते इतक्या सहज ठरवलं की जणू काही विशेष नाही. मंगळवारी, पाच वाजता, कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात.

तो आला पाच बावीसला. फोन नाही, निरोप नाही. आल्या आल्या खुर्ची ओढत म्हणाला, “अगं, नवा गेम आलाय, त्यात घोडा भिंतीवर चढतो!”

“हो का,” ती म्हणाली.

“रागावलीस?”

“नाही.”

“कशाचा राग आलाय?”

“कशाचाच नाही.”

हेच विचारणं तीन वेळा झालं. मग तिनं कॉफी संपवली, आणि घोडा भिंतीवर चढला म्हणून तिचं काय बिघडलं होतं कोण जाणे, पण वीस मिनिटांत ती निघून गेली.

पुढचा मंगळवार. पाच बावीस. फोन नाही. पण या वेळी दारातूनच, “सॉरी, सॉरी, सॉरी, चूक माझीच.” घोड्याचं नावही नाही. तिला थोडा कमी राग आला. तो एकटक तिच्या चेहऱ्याकडं बघत होता. तिला वाटलं, प्रेमानं. तिनं केस कानामागं सारले. मग उगाच पुढं आणले.

घरी जाताना तिला काहीतरी खटकत होतं. सेटवर एखादी वस्तू जागची हललेली असते आणि कुठली ते कळत नाही, तेव्हा खटकतं तसं. रिक्षातून उतरता उतरता तिला ते सापडलं.

बावीस. दोन्ही वेळा बावीसच.

योगायोग, असं तिनं स्वतःला सांगितलं. एकदा नाही, दोनदा झालं तरी योगायोगच... नाही का?

तिसरा मंगळवार यायच्या आधी सोमवारी सेटवर बॉम्ब फुटला.

मालिका वीस वर्षं पुढं जाणार. म्हणजे परवा पाळण्यात घातलेलं बाळ पुढच्या आठवड्यात वकील. जुनं घर मोडणार, नवा सेट दुसऱ्या गावात, बसनं पाच तास. किमान आठ महिने. निर्मितीचं काम बघणारे दादा वही घेऊन प्रत्येकाजवळ गेले आणि तिच्याजवळ आल्यावर म्हणाले, “बारकाई, तू आलीस तर बरं. नाही आलीस तर दुसरी बघतो. शनिवारी पॅकअपपर्यंत सांग.”

‘तू आलीस तर बरं’ यात सहा वर्षांचं कौतुक आटोपलं होतं.

तिनं लगेच ‘हो’ म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर एक पांढऱ्या दोऱ्याची गाठ आली, बाहेरून मारलेली, आणि ती म्हणाली, “शनिवारी सांगते.” मग दिवसभर स्वतःवरच चिडली. तो काही म्हणाला होता का? नाही. एक अक्षर? नाही. मग आपण कुणासाठी थांबतोय? लिफ्टचं बटण तीनदा दाबणाऱ्या माणसासाठी?

उद्या त्याला सांगायचं. बघू तरी, काय म्हणतो.

* * *

मंगळवार. ती पावणेपाचलाच जाऊन बसली, खिडकीजवळ. बातमी पोटात राहत नव्हती. बाहेर भुरभुर पाऊस. अंगाला लागतही नाही आणि कोरडंही ठेवत नाही, तसला. समोर, रस्त्यापलीकडं, चपलांच्या दुकानाची ताडपत्री. ताडपत्रीखाली तो.

पाचला सात कमी होते.

तिचा चेहरा फुलला. आज वेळेच्या आधी! ती हात हलवणार, तेवढ्यात त्यानं घड्याळ बघितलं. आणि तिथंच उभा राहिला.

पाच वाजले. तो उभा. दुकानाबाहेरची सेलची पाटी त्यानं वाचली. मग उलट बाजूनं वाचली. पाच वाजून चार मिनिटं. त्यानं फोन काढला, आणि तिचा वाजला.

“अगं, मला जरा उशीर होतोय हं.”

“असं?” तिनं काचेतून त्याचे ओठ हलताना बघितले. “कुठं आहेस?”

“आत्ता... पुलापाशी. फार ट्रॅफिक आहे.”

“पाऊस आहे का रे पुलापाशी?”

“आहे ना. भुरभुर.”

“बरं,” ती म्हणाली. “सावकाश ये.”

आणि मग अठरा मिनिटं – अठरा! – तिनं त्या माणसाला ताडपत्रीखाली उभं असलेलं बघितलं. त्याच्या डाव्या खांद्यावर ताडपत्रीचं पाणी ठिबकत होतं. तो सरकला नाही. एकदा दुकानदारानं बाहेर येऊन काहीतरी विचारलं, तेव्हा त्यानं नम्रपणे एक चप्पल हातात घेऊन बघितली आणि परत ठेवली. पाच बावीसला तो धावत रस्ता ओलांडून आला, धापा टाकत. धापासुद्धा!

“सॉरी गं. पण फोन केला होता मी. केला होता ना?”

“पुलावरून.”

“हो.”

“चपलांच्या पुलावरून.”

त्यानं मागं वळून बघितलं. खिडकी, रस्ता, ताडपत्री. मग हळूच खुर्चीत बसला, नापास झालेल्या मुलासारखा.

“पहिल्यांदा खरंच उशीर झाला होता,” तो म्हणाला. “शपथ. मावशीची काठी सापडत नव्हती. पण तू इतकी चिडलीस... मला कळेना, नेमकं कशानं. उशीर झाला म्हणून? फोन केला नाही म्हणून? की आल्या आल्या घोड्याचं बोललो म्हणून? आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते ना... म्हणून दुसऱ्यांदा घोडा काढला. आज फोन घातला. बाकी सगळं तेच ठेवायचं, तर बावीस मिनिटं पण—”

“मी भिंत आहे का?”

“नाही! भिंतीसाठी मी एवढं कधी—”

“माणसं विचारतात रे! तोंडानं! ‘तुला कशाचा राग आला?’ असं!”

“विचारलं होतं. तीनदा. तू म्हणालीस, ‘कशाचाच नाही’.”

हे खरं होतं, आणि समोरच्याचं खरं निघालं की तिला दुप्पट राग यायचा. हे त्यालाही आता माहीत झालं असणार. वहीत लिहिलं असणार.

“ऐक,” ती उठत म्हणाली. “मालिका दुसऱ्या गावाला चाललीये. पाच तासांवर. आठ महिने. शनिवारी संध्याकाळपर्यंत मला हो की नाही सांगायचंय. मी बहुतेक जातेय.”

तो तिच्याकडं बघत राहिला. शर्टाचा डावा खांदा ओला. तोंड उघडलं. ती थांबली.

“बहुतेक म्हणजे... किती टक्के?”

ती निघून गेली.

* * *

मावशींचा फोन. गुरुवार, दुपारी.

“काय झालं तुमचं? हा घरात चिलखत घातल्यासारखा फिरतोय.”

“त्यालाच विचारा, मावशी.” काकूच्या मावशी कधी झाल्या, हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

“विचारलं. वही दाखवली मला. अगं, तो लहानपणापासून असाच. आंघोळीचं पाणी कढत आहे का, हे तीनदा बोट घालून बघायचा. तिन्ही वेळा भाजायचं. मग म्हणायचा, कढत आहे.”

“मला हसवू नका.”

“मी कुठं हसवतेय? बोटाला फोड आली होती त्याच्या.” मग जरा थांबून, “तू चाललीस का गं?”

“माहीत नाही. मला कुणी थांबही म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.”

“मी म्हणू का?”

“तुम्ही म्हणून काय उपयोग, मावशी!”

“तेच म्हटलं,” मावशी म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

* * *

शनिवार. जुन्या घरातलं शेवटचं दृश्य : नायिका भर पावसात बॅग घेऊन घर सोडते. पाऊस पाइपांतून. वर लोखंडी सांगाडा, खाली पंप, पंपाचा वास. दर टेकला नायिका कोरडी करायची, आणि मग पुन्हा नेमकी तेवढीच भिजवायची, हे बघणं तिचं काम. कुठली बट गालाला चिकटली. बॅग कुठल्या खांद्यावर. पदराचं टोक किती ओलं.

दुपारी चारला रखवालदार अदबीनं कुणालातरी घेऊन आत आला. काठी, पांढरं पातळ, मावशी. मागं तो, पिशवी धरून.

“तुमच्या मावशी ना या?” रखवालदार तिला म्हणाला. “अकराशे भाग बघितलेत म्हणे. कसं अडवणार?”

मावशी दिवाणखान्यातल्या सोफ्यावर जाऊन बसल्या. हातानं चाचपला. “प्लायवूड,” म्हणाल्या. मग जिन्याकडं बघितलं. “हा जिना कुठं जातो?”

“कुठंच नाही, मावशी. वर एक फळी आहे.”

“फळी! ही बाई सहा वर्षं रडत वर जाते ती फळीवर बसून रडते?”

“शांतता!” दिग्दर्शक ओरडला. “पाऊस सोडा. रोलिंग...”

तो तिच्याशेजारी येऊन उभा राहिला होता. ती कागदावरून मान न उचलता कुजबुजली, “इथं कशाला आलास?”

“बोलायचं—”

“ॲक्शन!”

नायिका दारातून निघाली. पाऊस. वीज चमकवणाऱ्यानं वीज चमकवली. “कट! पाय घसरला तिचा. पुन्हा घेऊ.” टॉवेल, ड्रायर, पळापळ.

“बोल लवकर,” ती म्हणाली, नायिकेच्या कपाळावरची बट फोटोशी ताडून बघत. “दोन मिनिटं आहेत.”

“मी वही फाडली.”

“फाडू नकोस, जपून ठेव. पुढच्या मुलीला उपयोगी पडेल.”

“पुढची मुलगी कोण?”

“मला काय माहीत! मी इथं नसणार!”

“शांतता! कोण कुजबुजतंय तिकडं? भांडण पुढच्या भागात घेऊ, चालेल का? रोलिंग!”

पाऊस. नायिका. बॅग. या वेळी दार अडकलं. कट. पुन्हा टॉवेल.

“मी चार दिवस विचार करतोय,” तो म्हणाला. पिशवीचे बंद त्यानं पिळून दोरीसारखे केले होते. “मला सवय आहे गं, खात्री झाल्याशिवाय कळवायचं नाही. चुकीचं कळवलं की सगळे हसतात. पहिल्या वर्षी मी एक चूक नोंदवली होती, ती पुन्हा झालीच नाही. अजून चिडवतात मला. म्हणून वाटलं, आधी नीट... तुझ्याबद्दल मला जे वाटतं ते खरंच आहे का, कशानं आहे, टिकतं का—”

“ॲक्शन!”

या वेळी सगळं नीट झालं. नायिका भिजत फाटकापर्यंत गेली, वळली, घराकडं बघितलं. इतकं नीट की सेटवर कुणी हललं नाही. पंपाची घरघर आणि पाणी. आणि त्या शांततेत, दिग्दर्शकानं ‘कट’ म्हणायच्या आधी, तो तिच्या कानाशी म्हणाला—

“मला खात्री नाहीये.”

तिनं त्याच्याकडं बघितलं.

“हे एकदाच झालंय. आयुष्यात एकदाच. दुसऱ्या कुणाबरोबर करून बघता येत नाही, आणि मला बघायचंही नाही. खात्री नाही, पुरावा नाही. तरी सांगतोय. मला तू आवडतेस. फार. चिडतेस तेव्हा जास्त, म्हणून तर मी मुद्दाम... नाही, ते राहू दे.”

“कट! ओके!” दिग्दर्शक टाळ्या वाजवत ओरडला. “पॅकअप!”

पाऊस बंद झाला. म्हणजे पंपवाल्यानं बंद केला. सगळीकडं एकदम माणसांचे आवाज, वायरी गुंडाळण्याची घाई. निर्मितीचे दादा वही घेऊन आलेच.

“बारकाई, काय ठरलं? येतेस का?”

मालिकेत असती तर ती या जागी थांबली असती. वारा सुटला असता, तिन्ही बाजूंनी चेहरा दाखवला असता, आणि तिनं नोकरीवर पाणी सोडलं असतं. असली दृश्यं तिनं सहा वर्षं तपासली होती. एकदाही तिला ती पटली नव्हती.

“येते,” ती म्हणाली. “सोमवारी. आणि या वेळी माझं नाव नीट वाचता येईल एवढा वेळ ठेवायचा, दादा. साबण जरा बाजूला सारा.”

दादा डोकं खाजवत गेले. त्याचा चेहरा उतरला होता. लपवायचा प्रयत्न केला, पण भिवया इतक्या जाड असल्या की कुठं लपवणार?

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “तू जायलाच हवं. तुझ्यासारखं काम दुसरं कोण... मी येतो हं मग. मावशीला—”

“कुठं निघालास? तुला उत्तर द्यायचं राहिलंय.”

“कशाचं उत्तर?”

“अरे देवा! आत्ता कानात काय सांगितलंस?”

“ते मी सांगितलं. विचारलं कुठं?”

“मग विचार ना!”

“इथं?”

“नाही, पुलापाशी!”

मावशी फळीकडं जाणाऱ्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या, काठी आडवी मांडीवर. हा प्रसंग त्यांना छताकडं मान न करता बघायला मिळत होता.

त्यानं पिशवी खाली ठेवली. हात पँटला पुसले. दोन्ही.

“आठ महिने तू तिकडं असशील. मी इकडं, मावशीला सोडून येता येत नाही. दर पंधरा दिवसांनी मी बसनं येईन. पाच तास जायला, पाच यायला. त्या बसमध्ये सिनेमा लावतात, तो मी सहन करीन. तर... माझ्याबरोबर... म्हणजे माझी... तुला चालेल का?”

“पंधरा दिवसांनी का? दर आठवड्याला का नाही?”

“दर आठवड्याला येईन.”

“आणि मधल्या दिवशी फोन. उगाच दोन तास रडायचं नाही कुणी.”

“फोन.”

“हो,” ती म्हणाली.

“फोन, हो. म्हटलं ना मी.”

“अरे, हो म्हणजे... हो! तू विचारलंस त्याला! हो!”

त्याच्या चेहऱ्यावर ते पोचायला थोडा वेळ लागला. आधी भिवया वर गेल्या, मग कान लाल झाले, मग सगळा चेहराच हलला. तिनं ते सगळं बघितलं आणि कशाचीही नोंद करावीशी वाटली नाही तिला. नुसतं बघत राहावंसं वाटलं.

“एकदा सांगितलंय,” ती म्हणाली. आवाजात चीड होती, पण तिच्या बोटांनी त्याची बाही कधीच धरली होती. “पुन्हा विचारून बघायचं नाही.”

“नाही बघत.”

“जरासं बदलूनही नाही.”

“नाही.” त्यानं पिशवी उचलली. “पण समजा—”

“नाही!”